टेलीकास्टरची स्वस्त कॉपी आहे, पैसे नेमके कुठे घालू?

नाशिक_ट्वँग

नमस्कार मंडळी. माझ्याकडे फेंडर कंपनीच्या टेलीकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची कॉपी आहे, सेकंडहँड ९ हजाराला घेतलेली, बटरस्कॉच रंग, काळा पिकगार्ड, मेपल नेक, मेपलच फ्रेटबोर्ड. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मग सगळी चर्चा त्या नावावरच होते आणि प्रश्न बाजूला राहतो. आधी हे सांगतो की गिटार मला मनापासून आवडते. नेकजवळच्या पिकअपवर (पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग) टोन थोडा खाली घेऊन साधे कॉर्ड वाजवले तरी असा भरीव आवाज येतो की आमच्या कीबोर्डवाल्याला ती महागातली वाटली होती.

आता त्रास. एक म्हणजे ट्यूनरवर सहाही तारा बरोबर लावल्या तरी खालचे ओपन कॉर्ड, म्हणजे E आणि D विशेषतः, बेसूर लागतात आणि वर सातव्या-आठव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) गेलं की सगळं ठीक वाटतं. दुसरं, थंडीत फ्रेटची टोकं तळहाताला बोचतात. तिसरं, पातळ E तार वाजवताना बोट जरा खाली ओढलं गेलं तर तार फ्रेटबोर्डच्या काठावरून घसरून खालीच जाते. चौथं, डिस्टॉर्शन लावलं की ब्रिज पिकअप (तारा बॉडीवर टेकतात तिथला) शिट्टी मारतो आणि घरी घूंऽऽ आवाज सतत चालू असतो, तारांना हात लावला की कमी होतो.

बजेट सात-आठ हजार. दुकानात विचारलं तर म्हणाले आधी अल्निको (चुंबकाचा एक प्रकार) पिकअप टाक, बाकी नंतर बघू. मित्र म्हणतो विकून टाक आणि थोडे पैसे घालून चांगल्या नावाची घे. मला विकायची नाहीये पण आंधळेपणाने पैसे पण घालायचे नाहीत. तुम्ही काय केलं असतं?

जुनी_कानस

पिकअपला अजिबात हात लावू नकोस आत्ता. तू जे पहिले तीन त्रास लिहिलेस त्यातला एकही पिकअपने सुटणार नाही, आणि स्वस्त कॉपी स्वस्त का असते हे त्या तीन गोष्टींतच आहे. लाकूड कापणं, रंग मारणं, पिकअपची कॉइल गुंडाळणं हे सगळं आता मशीनवर होतं आणि बरं होतं. ज्याला माणसाचा हात आणि वेळ लागतो तेवढंच कंपनी वाचवते, म्हणजे नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी), फ्रेट आणि शेवटचा सेटअप. मी पुण्यात दुरुस्तीची कामं करतो, माझ्याकडे आलेल्या स्वस्त गिटारींमध्ये नट उंच नाही अशी क्वचितच बघितलीये.

तुझे ओपन कॉर्ड बेसूर आहेत त्याचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा नटच असतं. नटमधली खाच उंच राहिली की पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार दाबताना ती जास्त खाली ओढली जाते, म्हणजे ताणली जाते, आणि सूर चढा लागतो. ओपन तार बरोबर, दाबलेली चढी, मग E कॉर्डमध्ये दोन्ही एकत्र वाजल्या की कानाला खुपणारच. वर गेलं की हा फरक विरत जातो म्हणून तुला तिथे ठीक वाटतं. घरी तपासायचं असेल तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते बघ. कागद जेमतेम सरकेल एवढीच हवी. तुझ्यात बहुतेक बोटाने तार टकटक खाली जाताना स्पष्ट दिसेल.

मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. भोपळा कितीही देखणा असला तरी जवारी नीट लागली नाही तर तो तंबोरा बोलतच नाही, आणि जवारी काढणाऱ्याच्या हाताचे पैसे लोक आनंदाने देतात. गिटारच्या नटचं काम त्याच जातीचं आहे. हाडाचा नट घे, मटेरियल फार महाग नसतं, पैसे लागतात ते खाचा कापायला. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या कानशीने स्वतः करू नकोस, कानस एकदा जास्त फिरली की ओपन तार खरखरायला लागते आणि नट फेकावा लागतो. आणि कारागिराकडे जायच्या आधी तारा कोणत्या जाडीच्या वापरणार ते ठरव, ९-४२ की १०-४६ (सर्वात पातळ आणि सर्वात जाड तारेची जाडी), कारण खाचा त्यावरच कापतात. नंतर जाडी बदललीस तर परत काम.

E तार घसरते त्याला आधी फुकटातला उपाय करून बघ. टेलीचा नेक चार स्क्रूंनी बसवलेला असतो. तारा ताणलेल्या असतानाच चारही स्क्रू अगदी थोडे, अर्ध्या आट्याएवढे, सैल कर, नेक हाताने पातळ E च्या विरुद्ध बाजूला ढकलला जाईल असा हेडस्टॉककडून (नेकच्या टोकाचं डोकं) रेट, दोन्ही E तारा काठापासून सारख्या अंतरावर आल्या की घट्ट कर. नेक पॉकेट जरा ढिला कापलेला असतो ना कॉपीमध्ये, वाहतुकीत धक्का बसून नेक तिरका होतो. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं. नाहीच भागलं तर नवीन नटमध्ये तारांची जागा किंचित आत घ्यायला सांग.

फ्रेटची टोकं बोचतात ते लाकूड कोरड्या हवेत आकसतं म्हणून, धातू आकसत नाही, मग टोक बाहेर येतं. नाशिकची थंडी कोरडी, त्यामुळे तिथे होणारच. फ्रेटबोर्डच्या कडेला मास्किंग टेप लावून टोकं तिरकी घासून गोल करायची. नट, फ्रेटची टोकं, फ्रेट लेव्हलिंग आणि सेटअप हे सगळं एकाच माणसाकडून एकाच वेळी करून घे. सेटअपमध्ये काय मागायचं तेही लिहून ठेव: पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून आठव्या फ्रेटवर पाव मिलिमीटर रिलीफ (तारेखालची फट), सतराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण १.६ मिलिमीटर. फेंडर स्वतःच्या ९.५ इंच रेडियसच्या (फ्रेटबोर्डची गोलाई) गिटारीला जवळपास हेच माप सांगते. तुझ्या नेकचा रेडियस ७.२५ असेल तर उंची थोडी जास्त ठेवावी लागेल नाहीतर वरच्या फ्रेटवर बेंड करताना सूर मरतो.

सोल्डरवाली_मुग्धा

कानसकाकांनी लाकडाचं सांगितलं, मी आवाजाचं सांगते.

तारांना हात लावल्यावर घूं कमी होतो ही चांगली खूण आहे, म्हणजे ब्रिजची ग्राउंड वायर जोडलेली आहे. तुझं शरीर खोलीतला विजेचा गोंधळ पकडतं आणि तारांना हात लावला की ते ग्राउंड होतं, एवढंच. सिंगल कॉइल पिकअपला थोडा हम असतोच, पन्नासच्या दशकातल्या अस्सल टेलीलाही असतोच, तो शून्य करायच्या मागे लागू नकोस. पण त्यात दोन प्रकार आहेत. एक म्हणजे चरचर, जी एलईडी, ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, मोबाइल चार्जर यातून येते, ती शील्डिंगने खूप कमी होते. दुसरा म्हणजे ५० हर्ट्झचा जाड घूं, तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो, त्याला तांब्याची पट्टी काही करत नाही. त्याला अँपपासून दोन पावलं लांब उभं राहायचं आणि गिटार थोडी फिरवून बघायची, एका कोनात तो एकदम पडतो.

शील्डिंगसाठी तांब्याची चिकटपट्टी मिळते, कंट्रोलच्या खोबणीत आतून लावायची आणि एका ठिकाणी ग्राउंडला सोल्डर करायची. ग्राउंडला जोडली नाही तर काही उपयोग नाही. आणि स्विचचा किंवा जॅकचा सिग्नलचा पाय त्या पट्टीला टेकता कामा नये, नाहीतर आवाजच बंद. टेलीची खोबणी अरुंद असते, म्हणून तिथे थोडी इन्सुलेशन टेप लाव. बसल्या बसल्या कंट्रोलचे पॉट पण वाचून बघ, वर २५० के (किलोओहम) छापलंय का ५०० के. कॉपीत कधी कधी ५०० के टाकलेले असतात आणि मग ब्रिज पिकअप कान कापतो, लोक म्हणतात पिकअप वाईट आहे. दोन पॉटची किंमत पिकअपच्या मानाने काहीच नाही.

शिट्टीचं कारण वेगळं. कॉइलमधली तार मेणात नीट बुडवलेली नसली की ती स्वतः थरथरते आणि मायक्रोफोनसारखी वागते. पिकअप मेणात बुडवणं हे पातेल्यात पाणी ठेवून, त्यात दुसऱ्या भांड्यात मेण, साधारण ६५ डिग्रीच्या वर न जाऊ देता करायचं असतं. थर्मामीटर नसेल तर करू नकोस, स्वस्त पिकअपचा प्लॅस्टिकचा बॉबिन वाकतो. आणि मेण थेट गॅसवर कधीच ठेवायचं नाही, पेट घेतं. त्याआधी सोपी गोष्ट कर, ब्रिज पिकअपच्या स्क्रूंवरच्या स्प्रिंग काढून तिथे रबरी नळीचे तुकडे टाक. टेलीत पिकअप थेट धातूच्या ब्रिज प्लेटला टांगलेला असतो, प्लेट थरथरली की तोही थरथरतो. रबराने बरीच शिट्टी मरते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. अँपचा थ्री पिन प्लग कापून टू पिनमध्ये घालू नकोस, आणि मंडपात किंवा लॉनवर वाजवणार असशील तर माइकला ओठ लावायच्या आधी एका हाताने तारा धरून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या मागच्या बाजूने माइक हलकेच शिवून बघण्यापेक्षा टेस्टरने तपासून घे. अर्थिंग वेगवेगळं असलं तर गिटार आणि माइकमध्ये चांगला झटका बसू शकतो. गणपतीत जनरेटरवर चालणाऱ्या स्टेजवर तर हे तपासल्याशिवाय केबलच लावू नये.

डोंबिवली_ब्लूज

मी थोडा वेगळा बोलतो, राग मानू नका. सात-आठ हजार कामात घालणार, म्हणजे गिटार सतरा हजाराला पडली आणि विकायला गेलास तर कोणी आठच्या वर देणार नाही, कारण हाडाचा नट फोटोत दिसत नाही. त्यापेक्षा ही विकून थोडे थांबून स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) क्लासिक व्हाइब घे. नावाला पुढे किंमत राहते.

आणि स्क्वायरला कॉपी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तिचा इतिहास बघावा. सत्तरच्या दशकात जपानमध्ये तोकाई, ग्रेको, फर्नांडिस यांनी जुन्या फेंडर-गिब्सनच्या इतक्या चांगल्या कॉप्या काढल्या की अमेरिकन कंपन्यांचं धाबं दणाणलं. १९६५ पासून फेंडर सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे होती आणि त्या काळातल्या मालाबद्दल गिटारवाले आजही कुरकुर करतात. गिब्सनच्या बाजूने १९७७ मध्ये आयबनेझवर हेडस्टॉकच्या आकारावरून कोर्टात दावा लावला. फेंडरने वेगळा रस्ता घेतला, १९८२ मध्ये जपानमध्येच फुजिजेनच्या कारखान्यात स्वतःच स्वतःच्या गिटारीची स्वस्त आवृत्ती काढली आणि तिला स्क्वायर नाव दिलं, जे त्यांनी १९६५ मध्येच विकत घेतलेल्या तारा बनवणाऱ्या कंपनीचं होतं. ते पहिले जेव्ही सिरीजचे नग आज शोधून शोधून घेतात लोक.

म्हणजे चांगल्या कॉपीला माझा विरोध नाहीच, पण चांगली कॉपी मुळातच चांगली बनलेली असावी. आणि हो, सेकंडहँड घेताना एक सांभाळा. कॉपी वेगळी आणि खोटं फेंडरचं लेबल चिकटवलेली वेगळी. टेलीच्या बॉडीचा आकार कोणीही बनवू शकतो, २००९ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने बॉडीच्या आकारावरचा फेंडरचा दावा नाकारलाय, पण हेडस्टॉकचा आकार आणि नाव त्यांचंच आहे. म्हणून प्रामाणिक कॉपीचं डोकं जरा वेगळं कापलेलं असतं. डोकं हुबेहूब, लोगो हुबेहूब आणि किंमत बारा हजार असेल तर तिकडे फिरकू नका.

जुनी_कानस

डोंबिवलीकर, विकून मिळणाऱ्या पैशाचं तुमचं गणित बरोबर आहे. पण तो विकायची नाही म्हणतोय, मग ते गणित लागूच होत नाही. आणि नवीन क्लासिक व्हाइब घेतली तरी आपल्या हवेत आल्यावर तिलाही सेटअप लागतोच, मी तर प्रत्येकाला सांगतो की गिटारच्या किमतीत ते धरूनच चाला.

शिवाय ही गिब्सनच्या लेस पॉलची कॉपी असती तर मी पण म्हटलं असतं विक. लेस पॉलमध्ये नेक बॉडीला चिकटवलेला, वरचा पृष्ठभाग कोरलेला, हेडस्टॉक मागे झुकलेला, हे सगळं स्वस्तात करायला गेलं की कुठेतरी मार बसतोच, आणि नेकचा कोन चुकला तर तो दुरुस्त करायला गिटारपेक्षा जास्त पैसे लागतात. टेली तशी नाही. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि त्याने ही गिटार बनवतानाच कारखान्याचा आणि दुरुस्तीचा विचार करून बनवली. सपाट फळीची बॉडी, स्क्रूने बसणारा नेक, सरळ हेडस्टॉक, सगळी वायरिंग एका प्लेटखाली. १९५० मध्ये एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर म्हणून आली, ग्रेच कंपनीने त्यांच्या ड्रमचं नाव जवळपास तेच आहे म्हणून ब्रॉडकास्टर नावाला हरकत घेतली, मधे काही महिने डोक्यावर नुसतं फेंडर लिहून गिटारी विकल्या गेल्या आणि १९५१ मध्ये टेलीकास्टर नाव आलं. मूळ कल्पनाच अशी की नेक खराब झाला तर चार स्क्रू काढा आणि दुसरा लावा. म्हणून म्हणतो, टेलीची स्वस्त कॉपी ही मूळ गिटारच्या सगळ्यात जवळ जाते. तिच्यात जे राहिलेलं असतं ते करायला अवघड नाही, फक्त कोणी केलेलं नसतं.

परिस्थितीमुळे कॉपी वाजवणं हेही काही कमीपणाचं नाही. ब्रिटनमध्ये १९५९ पर्यंत अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते, बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने त्या सुमाराला चेकोस्लोव्हाकियात बनलेली, फेंडरच्या स्ट्रॅटसारखी दिसणारी फ्युचुरामा घेतली आणि हॅम्बुर्गला तीच वाजवली. आपल्याकडे १९९१ च्या आधी कितीजणांची पहिली गिटार कलकत्त्याची गिवसन होती!

वेंगुर्ल्याचा_पॉल

कोकणातून एक मुद्दा, कारण इथे सगळे नाशिक-पुण्याच्या कोरड्या हवेचं बोलतायत. आमच्याकडे उलटं असतं. जूनमध्ये नेक फुगतो, पुढे वाकतो, अ‍ॅक्शन (तारांची उंची) आपोआप वर जाते आणि लोकांना वाटतं गिटार बिघडली. ट्रस रॉडला (नेकच्या आतला धातूचा दांडा) पाव आटा दिला की जागेवर येते. पाव आटाच, मग तारा सुरात लावून थोडा वेळ थांबायचं, मग परत बघायचं. पावसाळा संपला की उलटा पाव आटा. ज्याला ही चावी फिरवता येत नाही त्याने ती शिकून घ्यावी, दर वेळी दुकानात न्यायची गरज नाही. रॉड फिरतच नसेल तर मात्र जोर लावू नये, तिथे कारागीरच हवा.

स्वस्त गिटारीवर जो जाड पॉलिएस्टरचा थर असतो त्याला सगळे नावं ठेवतात, पण आमच्या दमट हवेत तो बॉडी चांगली सांभाळतो, असा माझा अनुभव आहे. तारा मात्र गंजतातच. वाजवून झालं की प्रत्येक तार सुक्या कपड्याने खालून-वरून पुसायची, आणि गिग बॅगमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. नाशिकवाल्या, तुझा मेपलचा फ्रेटबोर्ड पॉलिश केलेला आहे, त्याला तेल लावू नकोस. काळपट लाकडाच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एकदोनदा थोडं तेल चालतं. आणि हे कदाचित आवडेल, हल्ली स्क्वायरवर फ्रेटबोर्डला इंडियन लॉरेल लिहिलेलं असतं ना, ते म्हणजे आपल्या सह्याद्रीतला ऐन. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कागदपत्रांची अट आली, वाद्यांना सूट मिळाली ती २०१९ च्या शेवटी, त्या मधल्या काळात कंपन्या अशा दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. ऐन घट्ट लाकूड आहे, रंग जरा फिका असतो एवढंच.

नाशिक_ट्वँग

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. कानसकाका, नेकचे स्क्रू सैल करून बघितलं आणि खरंच E तार आत आली, काठापासून आता जवळजवळ सारखं अंतर आहे! तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पण बघितली, खूपच आहे, G तारेला तर सगळ्यात जास्त. मुग्धाताई, पॉट उघडून बघितले, टोनचा २५० आणि व्हॉल्यूमचा ५०० निघाला. रबरी नळी अजून टाकायचीये.

आता एकच शेवटचं विचारतो. माझ्या ब्रिजवर जुन्या पद्धतीचे तीनच पितळी सॅडल (तारा ज्यावर टेकतात ते तुकडे) आहेत, एकेकावर दोन तारा. नट झाल्यावर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागेल अशी तारेची लांबी) लावताना D बरोबर केली की G चढते. सहा सॅडलवाला ब्रिज घेऊ का?

जुनी_कानस

नको, जुना राहू दे, टेलीच्या आवाजात त्या तीन सॅडलचा आणि लोखंडी प्लेटचा वाटा मोठा आहे. सहा सॅडलवाला घ्यायचा म्हटलं तर स्क्रूंची भोकं जुळतीलच असं नाही, मग बॉडीत नवीन भोकं. त्यापेक्षा तिरक्या कापाचे तीन पितळी सॅडल मिळतात, त्यात प्रत्येक जोडीतल्या दोन तारांची लांबी वेगळी पडते. तेच बसव. आणि लावताना बाराव्या फ्रेटची हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून येणारा सूर) आणि दाबलेला सूर यांची तुलना कर, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे. जोडीत थोडी तडजोड राहील, ती जाडजूड तारेकडे ढकल, पातळ तार बरोबर ठेव, कान पातळ तारेची चूक आधी पकडतो. पण हे सगळं नट झाल्यावर आणि नवीन तारा लावून. जुन्या तारांवर इंटोनेशन लावण्यात अर्थ नाही.

सोल्डरवाली_मुग्धा

व्हॉल्यूमचा पॉट २५० चा टाक, ऑडिओ टेपर माग, म्हणजे वर A लिहिलेला. बसवून झाल्यावर ब्रिज पिकअप आधीपेक्षा मऊ लागेल. तेवढं झालं की दोनेक महिने तसंच वाजव, मग अल्निकोचं ठरव. बजेटमधले पैसे तेव्हाही उरलेले असतील.

नाशिक_ट्वँग

ठरलं. १०-४६ तारा, हाडाचा नट, फ्रेटचं काम आणि तिरके सॅडल एकत्र करून घेतो, पॉट घरीच बदलतो. नाशिकात किंवा पुण्यात नटचं काम चांगलं करणारं कोणी माहीत असेल तर मला मेसेजमध्ये कळवा.